गर्व सत्कर्मांच्या आडोशाला राहतो

लूकच्या शुभवर्तमानातल्या 18व्या अध्यायात येशूनं सांगितलेल्या दृष्टांतातला परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस, आपण फार लवकर निकालात काढतो. मंदिरात उभं राहून त्यानं केलेली प्रार्थना नीट वाचली, तर येशू त्यातलं एकही विधान खोटं ठरवत नाही. तो आठवड्यातून दोनदा उपास करतो. मोशेच्या नियमशास्त्रानं सर्वांना लावून दिलेला उपास वर्षातून एकच होता, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा. तो सगळ्या मिळकतीचा दशमांश, म्हणजे दहावा भाग, देवाला देतो, आणि हे सांगताना देवाचे आभारही मानतो. ‘देवाच्या कृपेनं’ हे शब्द तोंडी असूनही माणूस गर्विष्ठ असू शकतो, ते इथे दिसतं. त्याच्या प्रार्थनेत एकही मागणं नाही, आणि बोलता बोलता त्याची नजर देवावरून तिथल्या जकातदारावर, म्हणजे लोक ज्याला पापी समजत अशा कर वसूल करणाऱ्यावर, जाते. जकातदार दूर उभा राहून फक्त दया मागतो. नीतिमान ठरून घरी जातो तो जकातदार.

म्हणून आत्मपरीक्षण करताना पापांइतकीच आपली चांगली कामंही तपासायला हवीत. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एवाग्रियस या संन्याशानं मनाला ग्रासणारे आठ दुष्ट विचार सांगितले. त्यात कीर्तीची हाव आणि गर्व हे दोन वेगवेगळे आहेत. पुढे सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप पहिले ग्रेगरी यांनी गर्वाला सगळ्या पापांचं मूळ मानून त्याखाली सात मुख्य पापं मांडली. पण एवाग्रियसनं केलेला तो फरक रोजच्या वापरात फार उपयोगी पडतो असं मला वाटतं. कीर्तीची हाव लोकांच्या तोंडून स्तुती मागते. गर्वाला लोकांची गरजच उरत नाही; आपल्या हातून घडलेल्या चांगल्याचं कारण आपणच आहोत, देवाची मदत नव्हतीच, असं तो मनाला पटवतो. कोणी बघत नसताना काम करण्याचा कंटाळा येत असेल तर पहिला रोग, आणि कोणी चूक दाखवली की ‘याला काय कळतं’ असं वाटत असेल तर दुसरा.

दोन्हींवर औषधही वेगळं. पहिल्यासाठी मत्तयाच्या 6व्या अध्यायात दानधर्म, प्रार्थना आणि उपास या तीन गोष्टी गुप्तपणे करायला सांगितलं आहे. नेमकं करायचं ते असं: एक मदत अशी करा की घेणाऱ्यालाही नाव कळणार नाही, आणि पुढे मंडळीत आपल्या अनुभवाची साक्ष देतानाही तिचा उल्लेख टाळा. इथेही एक खाच आहे. सिनायच्या मठाचे प्रमुख योहान क्लायमॅकस यांनी ती अचूक पकडली: उपास केला तरी मन फुगतं, आणि कोणाला कळू नये म्हणून मोडला तरी आपल्या शहाणपणावर ते फुगतंच. मग काय, उपास सोडायचा? मुळीच नाही. तो विचार ओळखायचा, प्रार्थनेत देवासमोर ठेवायचा आणि काम चालू ठेवायचं.

गर्वावरचं औषध जास्त कडू आहे. ‘मी महापापी आहे’ असं म्हणणं सोपं, कारण त्यात कोणताच प्रसंग नसतो. त्याऐवजी कबुलीत घटना सांगा: कोणाचं श्रेय घेतलं, कोणाला तुच्छ लेखलं, कुठे ऐकून घेतलं नाही. क्षमा मागताना वाक्यात ‘पण’ आला की उरलेलं सगळं स्पष्टीकरण होतं. म्हणून वाक्य ‘पण’च्या आधीच थांबवा. कोणी स्तुती केली तर आभार मानून विषय बदला. वारंवार ‘छे, मी कुठला’ म्हणत राहिलं, की समोरचा आणखी एकदा स्तुती करतो.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठांसाठी लिहिलेल्या नियमाच्या 7व्या अध्यायात नम्रतेच्या बारा पायऱ्या आहेत. पहिली पायरी देवाचं भय सतत मनात ठेवण्याची. पाचवी, मनातले वाईट विचार मठाधिपतीपासून न लपवण्याची. झुकलेली मान आणि खाली नजर येते ती थेट बाराव्या पायरीवर, म्हणजे आत जे झालं ते शरीरात उतरल्यावर. बहुतेक घोटाळे होतात ते बाराव्या पायरीपासून सुरुवात केल्यामुळे. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रातही (2:23) अशा दिखाऊ नम्रतेला आणि देहदंडाला देहवासना रोखण्याच्या कामी निरुपयोगी म्हटलं आहे.

आता एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. नम्रतेच्या नावाखाली दुबळ्यांना गप्प बसवणं हा या शिकवणीचा गैरवापर आहे. प्रमुख याजकासमोर शिपायानं थोबाडीत मारल्यावर येशूनं विचारलं की मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, योग्य बोललो असेन तर मला का मारतोस (योहान 18:23). फिलिप्पै शहरात चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकल्यावर प्रेषित पौलानं गुपचूप निघून जायला नकार दिला. अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन बाहेर न्यावं, असा आग्रह धरला (प्रेषितांची कृत्ये 16:37). अन्यायाला अन्याय म्हणणं नम्रतेच्या आड येत नाही. उलट, पाळक किंवा धर्मगुरू जेव्हा केवळ प्रश्न विचारणाऱ्यालाच गर्विष्ठ ठरवतात, तेव्हा नम्रतेची गरज आधी कोणाला आहे, ते स्वतःलाच विचारून पाहावं.

योहानाच्या 13व्या अध्यायातही क्रम बघण्यासारखा आहे. पित्यानं सर्व काही आपल्या हाती दिलं आहे हे जाणून येशू भोजनावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. स्वतःला हलकं समजून तो हे काम करत नाही. आणि त्यांच्यातला पेत्र नको म्हणतो, तेव्हा येशू त्याला सांगतो की मी तुला धुतलं नाही, तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. सेवा करायला नेहमी पुढे असणाऱ्यांनी ही जागा जरूर वाचावी. आजारपणात, अडचणीत दुसऱ्याची मदत नाकारताना आपण ‘कशाला त्रास’ म्हणतो, त्यामागे पुष्कळदा कोणाचं देणं लागायची तयारी नसते.