ॲन्झायटीचा स्कोअर कमी झाला, पण…

डॉक्टरांनी जीएडी-७ चा, म्हणजे ॲन्झायटी मोजायच्या प्रश्नांचा, कागद हातात दिला तेव्हा खरं सांगते, रागच आला. इथे झोप उडालीय, छातीत धडधडतंय आणि हे काय, सात प्रश्न? गेल्या दोन आठवड्यांत काळजी थांबवता आली का, चिडचिड झाली का, काहीतरी भयंकर घडेल अशी भीती वाटली का वगैरे, आणि प्रत्येकाला 'अजिबात नाही' ते 'जवळजवळ रोज' असे ० ते ३ मार्क. एकूण २१ पैकी. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून तीव्र. माझे आले १६. नंतर वाचलं की स्पिट्झर नावाचे मानसोपचारतज्ज्ञ आणि मंडळींनी २००६ मध्ये हा काढला तो दवाखान्यात पटकन भरून व्हावा म्हणूनच.

डॉक्टर म्हणाले हे निदान नाही, नुसता अंदाज, आणि थायरॉईडची टेस्ट करायला लावली, कारण ते वाढलं तरी अशीच धडधड आणि हात थरथरणं होतं. ते नॉर्मल निघालं.

भरताना खरी पंचाईत 'काही दिवस' की 'अर्ध्याहून जास्त दिवस' इथे होते. कोणाला आठवतंय हो? आदली रात्र वाईट गेली की दोन्ही आठवडे वाईटच वाटतात. मग मी रोज झोपताना मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये टिक करायला लागले.

पुढे स्कोअर ८ वर आला, घरचे खूश, मीपण. काउन्सेलर मॅडमनी मात्र विचारलं, "मीटिंगला जाताय का?" नाही. "लिफ्टने?" तेही नाही. मग त्यांनी ओएसिस नावाचा दुसरा कागद काढला, पाचच प्रश्न, गेल्या एका आठवड्याचे, पण त्यात एक सरळ विचारतो की भीतीमुळे कितीदा गोष्टी टाळल्या. ८ किंवा जास्त आले की लक्ष द्यायला हवं म्हणे, माझे ११. म्हणजे जिथे काळजी वाटेल तिथे मी जातच नव्हते, मग वाटणार कुठून! जीएडी-७ मध्ये टाळण्याचा प्रश्नच नाही.

आता दोन्ही भरते, आणि टोटलच्या आधी कुठलं उत्तर हललं ते बघते. मागच्या वेळी जीएडी-७ चा आकडा उलट वाढलाच, कारण मीटिंगला परत जायला लागलेय, पण टाळण्याचं उत्तर ३ वरून १ वर आलं. मॅडम म्हणाल्या, हे वाढलेलं चालेल.