सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा

२०२२ च्या डिसेंबरमध्ये आम्ही माझ्या धाकट्या बहिणीसाठी जुनी गाडी शोधत होतो. ती वाळवा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. सांगलीहून तिचे रोजचे जाणे-येणे ६० किलोमीटरच्या आसपास होते आणि दोन एसटी बदलून घरी पोहोचेपर्यंत हिवाळ्यात अंधार पडत असे. सव्वातीन लाखांपर्यंत खर्च करण्याची आमची तयारी होती. तीन आठवड्यांत आम्ही अकरा गाड्या पाहिल्या, त्यांतील तीन नीट तपासल्या आणि एक घेतली. त्या तीन गाड्यांनी जे शिकवले ते सविस्तर लिहून ठेवावे असे वाटते, कारण आपल्याकडे जुनी गाडी घेणारा माणूस बहुतेक वेळा बाहेरचा रंग, आतली सीट कव्हरे आणि मीटरचा आकडा एवढेच पाहून बयाणा देऊन मोकळा होतो.

सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला जुनी गाडी घेताना पहिली शंका येते ती पाण्याची. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला आणि त्याच आठवड्यात चिपळूण शहरही पाण्याखाली गेले. अशा प्रत्येक पुरात तळघरांत, सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये आणि रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कितीतरी गाड्या बुडतात. त्या सगळ्याच भंगारात जात नाहीत. काही विमा कंपनीकडून लिलावात निघतात, धुऊन-पुसून दुरुस्त होतात आणि पुन्हा बाजारात येतात; आणि त्या आपल्याच जिल्ह्यात विकल्या जातील असेही नाही. पाणी पाहिलेला गिऱ्हाईक प्रश्न विचारतो, म्हणून अशी गाडी जिथे कुणाला पुराची आठवण नाही अशा गावी नेली जाते. त्यामुळे कोल्हापूरचा एमएच-०९ किंवा सांगलीचा एमएच-१० पाहून घाबरण्यात जसा अर्थ नाही, तसाच दुसऱ्या जिल्ह्याचा नंबर पाहून निर्धास्त होण्यातही नाही.

आमची पहिली गाडी अशीच निघाली. एका विक्रेत्याच्या मोकळ्या जागेत उभी असलेली ती २०१७ ची चंदेरी हॅचबॅक होती. मीटरवर ३१,००० किलोमीटर, बॉनेट आरशासारखे चकचकीत आणि दार उघडताच अत्तराचा भपका. बहिणीला ती पाहताक्षणी आवडली. आमच्याबरोबर आलेले मिस्त्री तीस वर्षे गॅरेज चालवणारे. ते काहीच बोलले नाहीत, आधी मागच्या सीटवर जाऊन बसले आणि सीट बेल्ट हळूहळू ओढू लागले. आपण बेल्ट लावतो तेव्हा जेमतेम अर्धा बाहेर येतो, उरलेला खांबाच्या आत गुंडाळलेलाच राहतो. त्यांनी तो अडेपर्यंत ओढला. पहिला दीड हात पट्टा काळाभोर आणि स्वच्छ होता. त्यानंतर एक फिकट तांबूस रेघ आडवी गेलेली होती आणि तिच्या पुढचा सगळा पट्टा बोटांना किंचित खरखरीत लागत होता. त्यांनी नख घासून दाखवले, नखात माती आली. दार, सीट, कार्पेट सगळे शॅम्पूने धुतले जाते, पण गुंडाळलेल्या बेल्टचे शेवटचे टोक धुवायला कुणी जात नाही.

त्यानंतर आम्ही विक्रेत्याची रीतसर परवानगी घेऊन पुढची सीट पूर्ण मागे सारली आणि तिच्या रेलचे बोल्ट पाहिले. त्यांवर गंज होता. कोरड्या गाडीत, आणि तीही पाच वर्षांच्या, सीटच्या रेलला असा गंज चढत नाही. पायाखालच्या कार्पेटची कड उचलली तर खालचा फोमचा थर दमट होता. डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात बारीक गाळ साचलेला होता. एका हेडलाइटच्या आत वाफेचा डाग होता. विक्रेता म्हणाला, "पाणी फक्त चाकाला लागलं होतं, आत नाही आलं." मिस्त्रींनी त्याच्याशी वाद घातला नाही. पण बुडालेल्या गाडीचा खरा त्रास वायरिंगच्या जोडांमध्ये आणि इलेक्ट्रॉनिक पेट्यांमध्ये असतो. तो वर्षा-दोन वर्षांनी, पावसाळ्यात, रात्रीच्या रस्त्यावर एकामागून एक दिवे लागून किंवा इंजिन बंद पडून उगवतो. एअरबॅगचा सेन्सर आणि त्याची वायरही त्याच ओलीत असते. किंमत कितीही उतरवली तरी अशी गाडी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच गाडीच्या कागदांतही खूण सापडली असती. ती आम्हाला नंतर कळली. विमा पॉलिसीवर 'नो क्लेम बोनस'चा टक्का छापलेला असतो. एकही क्लेम न घेतलेल्या गाडीचा हा टक्का दरवर्षी २०, २५, ३५, ४५, ५० असा चढत जातो. पाच वर्षे एकाच मालकाकडे असलेल्या या गाडीच्या चालू पॉलिसीवर तो केवळ २० होता. म्हणजे दोन वर्षांमागच्या पॉलिसीत क्लेम झालेला असावा. विम्यात नव्वद दिवसांहून जास्त खंड पडला किंवा मालक बदलला तरी बोनस शून्यावर येतो, म्हणून एवढ्यावरून निकाल देऊ नये. पण विचारण्याजोगा प्रश्न मात्र हाती लागतो. आणि हा बोनस गाडीबरोबर येत नाही, तो विकणाऱ्याकडेच राहतो, हेही हिशेबात धरावे.

दुसरी गाडी एका गृहस्थांची होती. आम्ही सकाळी साडेआठला येतो असे आदल्या दिवशी फोनवर सांगितले होते आणि आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नये अशी विनंतीही केली होती. पोहोचल्यावर मिस्त्रींनी सर्वांत आधी बॉनेटवर तळहात ठेवला. बॉनेट गरम होते. "आत्ताच गाडी धुवायला नेली होती," असे सांगण्यात आले. ते खरेही असेल. तरीसुद्धा आम्ही चहा घेऊन दीड तास थांबलो, कारण इंजिन थंड असतानाच ते कसे चालू होते हे पाहणे हा माझ्या दृष्टीने या सगळ्या तपासणीचा गाभा आहे. गरम इंजिन आपले दुखणे लपवते. थंड इंजिन पहिल्या चावीला उचलते की कुरकुरते, सुरुवातीला किती थरथरते, इंजिनातल्या साखळीचा खडखडाट येतो का आणि सायलेन्सरमधून काय बाहेर पडते, हे त्या पहिल्या दोन मिनिटांत कळते. हिवाळ्याच्या सकाळी थोडी पांढरी वाफ येणे स्वाभाविक असते आणि ती लगेच विरते. पण निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, काळा धूर म्हणजे इंधन जादा जाते आहे, आणि न थांबणारा पांढरा धूर, त्यात कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधली पाणी-ऑइल अडवणारी पातळ चकती, फुटल्याचा संशय घ्यावा. ऑइल भरण्याचे झाकण उघडून त्याच्या आतल्या बाजूला कॉफीवरच्या फेसासारखा पिवळट-तपकिरी थर जाड दिसला, तरीही हीच शंका घ्यावी. रेडिएटरचे झाकण मात्र इंजिन पूर्ण थंड असल्याशिवाय कुणीही उघडू नये. उकळते पाणी अंगावर उडते.

या गाडीचे इंजिन चांगले निघाले, पत्रा मात्र खोटा होता. उजव्या मडगार्डला बॉनेटखाली धरून ठेवणाऱ्या बोल्टच्या कडेचा रंग फुटलेला होता. कारखान्यात बोल्ट आवळून झाल्यावर त्यांवर रंग चढतो, त्यामुळे पान्याच्या खुणा म्हणजे ते कधीतरी उघडले गेले आहेत. एवढ्याने काही बिघडत नाही. बंपर घासणे, दार बदलणे, मडगार्डला डेंटिंग-पेंटिंग होणे हे आपल्या रस्त्यांवर कुणालाही चुकलेले नाही आणि त्यासाठी मी गाडी नाकारणार नाही. परंतु मिस्त्रींनी पुढच्या दाराचे रबरी बीडिंग हाताने सोडवले आणि खांबाच्या कडेवरचे वेल्डिंगचे गोल ठिपके दाखवले. डाव्या बाजूला ते ठरावीक अंतरावर, एकसारखे होते. उजव्या बाजूला ठिपके नव्हतेच; तिथे हाताने मारलेल्या वेल्डिंगची उंचसखल रेघ होती आणि तिच्यावर पुट्टी चोपडलेली होती. ज्याच्यावर छत उभे असते, तो हा खांब. तो एकदा कापून जोडला गेला असेल तर पुढच्या धडकेत तो आतल्या माणसाला वाचवेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. हल्ली रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र मिळते. मूळ रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन भरतो आणि पुट्टी असेल तिथे आकडा कित्येक पटींनी वाढतो. पण यंत्र नसले तरी दोन्ही बाजूंची तुलना डोळ्यांनी करता येते, आणि तीच जास्त बोलकी असते. गाडी दिवसाउजेडी, कोरडी असताना पाहावी. पावसाचे पाणी आणि दुकानातले पांढरे दिवे पत्र्याच्या लाटा झाकून टाकतात.

मीटरच्या एकट्या आकड्यावर विश्वास ठेवू नये, कारण तो मागे करून मिळतो. ते ताडण्याचे सोपे साधन टायरवर असते. टायरच्या बाजूला लंबगोलात चार अंक कोरलेले असतात: '२३१९' असे असेल तर तो टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनला. गाडी २०१७ ची, मीटर ३०,००० चा, आणि चारही टायर मात्र २०२० चे असतील, तर मूळ टायर इतक्या लवकर का बदलावे लागले हे विचारलेच पाहिजे. ब्रेक आणि क्लचच्या पेडलचे रबर गुळगुळीत झाले आहे का, स्टीअरिंगची पकड चकाकते आहे का, हेही त्या आकड्याशी ताडून पाहावे. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये झालेल्या सर्व्हिसची नोंद तारीख आणि किलोमीटरसह असते. मालकाने ती काढून दिली की हा प्रश्न बऱ्याच अंशी मिटतो.

तिसरी गाडी मिरजेला मिळाली. २०१६ ची पेट्रोल वॅगन आर, मीटरवर ५८,००० किलोमीटर, मागचा बंपर दोन ठिकाणी खरचटलेला, सीट कव्हरे फाटलेली. मालक निवृत्त गृहस्थ होते. त्यांनी गाडी पुसलीसुद्धा नव्हती आणि त्याबद्दल त्यांना संकोच वाटत होता. मला मात्र त्यामुळेच बरे वाटले. बॉनेट थंडगार होते. बहिणीने स्वतः चारही सीट बेल्ट टोकापर्यंत ओढले. चावी फिरवताच एअरबॅगचा दिवा लागला आणि काही सेकंदांनी विझला. तो लागलाच नाही तर तो मुद्दाम काढून टाकल्याचा संशय घ्यावा. मग आम्ही गाडी अर्धा-पाऊण तास चालवली, आधी खराब गल्ल्यांतून आणि नंतर मोकळ्या रस्त्यावर. तिसऱ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाने जाताना अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला. इंजिनाचा आवाज वाढून वेग वाढला नाही तर क्लच घसरतो आहे असे समजावे. मैदानात स्टीअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवली, तेव्हा डाव्या बाजूने बारीक कटकट आली. मिस्त्री म्हणाले, "ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट आहे, करायला लागेल, पण घाबरण्यासारखं काही नाही." टायर २०१६ चेच होते आणि झिजून टायरवरच्या झिजेच्या खुणेपर्यंत आले होते. या दोन्ही गोष्टी आम्ही मालकांना दाखवल्या, त्यांचा खर्च मांडला आणि तेवढीच रक्कम कमी करण्याची विनंती केली. त्यांनी ती लगेच मान्य केली. दोष शोधून माणसाला नमवणे आणि दोष दाखवून किंमत ठरवणे यांत मोठा फरक आहे, आणि समोरचा माणूस तो ओळखतो.

कागदपत्रे तपासण्यात एक सकाळ गेली. आरसीवरचा चासी नंबर आणि गाडीवर कोरलेला १७ अक्षरांचा नंबर आम्ही एकेक अक्षर वाचून जुळवला. सरकारी परिवहन पोर्टलवर विम्याची आणि नोंदणीची मुदत पाहिली. वाहतूक पोलिसांच्या ई-चलानमध्ये ५०० रुपयांचा एक दंड बाकी होता, तो मालकांनी समोरच भरला. गाडीवर पूर्वी बँकेचे कर्ज होते. ते फिटले होते, पण आरसीवरचा बोजा उतरवलेला नव्हता. अशा वेळी बँकेचे ना हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या तरी काम संपत नाही. नाव आरटीओच्या नोंदीत बदलेपर्यंत कायद्याच्या नजरेत मालक जुनाच असतो आणि अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी त्याच्याकडे जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले आहे. त्यामुळे हस्तांतर लवकर व्हावे ही घेणाऱ्याइतकीच विकणाऱ्याचीही गरज असते. मिरजेच्या त्या मालकांनी ते मनावर घेतले आणि आरटीओच्या कामासाठी स्वतः बरोबर आले.

गाडीची दुसरी चावी, सर्व्हिसच्या बिलांची फाइल आणि जॅकचा पान्हा त्यांनी एका कापडी पिशवीत घालून दिला. शाफ्टचे काम मिस्त्रींनी त्याच आठवड्यात केले. टायर घ्यायला बहीण मला न सांगता एकटीच गेली होती. दुकानदाराने चार टायर बाहेर काढून ठेवले, तेव्हा तिने खाली बसून प्रत्येकावरचे चार अंक वाचले आणि त्यांतला एक जुन्या सालाचा निघाला, तो परत करून दुसरा मागून घेतला.