जन्मदाखल्यावरचं आईचं नाव

कंपनीने नेदरलँड्सला दीड वर्षासाठी जाणार का असं विचारलं ते जानेवारी २०२३ मध्ये. लेक तेव्हा पावणेपाच वर्षांची होती आणि धाकटा दोनला टेकलेला. नवरा म्हणाला, "जाऊ या. तिथे घर आणि पोरं मी बघतो." निर्णय एवढ्यावर झाला. माझा परवाना, तिकीट, तिथलं घर, सगळं पटापट झालं, त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. आम्ही अडकलो ते लेकीच्या जन्मदाखल्यावर. एका ओळीपायी मला माझ्या मुलांपासून पावणेपाच महिने लांब राहावं लागलं. आजही नगरपालिकेची ती खिडकी आठवली की माझं डोकं तापतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी पार्श्वभूमी सांगते. परदेशातली नेमणूक माझी होती. मुलांचा निवासाचा परवाना माझ्या परवान्याला जोडून मिळणार होता, म्हणजे ही मुलं माझी आहेत हे कागदावर दिसायला हवं होतं. त्यासाठी मुलाच्या पासपोर्टावरचं आईचं नाव पुरत नाही, जन्मदाखलाच लागतो, तोही अपॉस्टिल केलेला, म्हणजे परदेशात चालावा म्हणून परराष्ट्र मंत्रालयाने प्रमाणित केलेला. धाकट्याचा जन्म पुण्यातला. त्याचा फॉर्म मी स्वतः भरला होता, त्यामुळे त्याचं काम सरळ झालं. लेकीचा जन्म मात्र माहेरचा. पहिलं बाळंतपण माहेरी, तसं आमच्याकडेही झालं. मे २०१८, तालुक्याच्या गावातलं एक छोटं प्रसूतिगृह, आणि फॉर्म भरायला अण्णा, म्हणजे माझे वडील.

लग्नात गृहप्रवेशाच्या वेळी सासरी ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने माझं नवीन नाव लिहिलं होतं. सासूबाईंनी हौसेने निवडलेलं नाव. ते घरातल्या पत्रिकांवर आलं, हळदीकुंकवाच्या आमंत्रणांवर आलं, पण सरकारी कागदावर मी कधी लावलं नाही. पदवी, पॅन, पासपोर्ट, विवाह नोंदणीचा दाखला, सगळीकडे माझं माहेरचंच नाव. अण्णांना वाटलं, लेक आता त्या घरची झाली, तेव्हा बाळाच्या आईचं नाव त्या घरचंच लिहावं. त्यांनी तांदळातलं नाव, नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव असं सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. त्यामुळे दाखल्यानुसार माझ्या मुलीची आई ही जगात कुठल्याच कागदावर नसलेली बाई होती.

कंपनीच्या सल्लागार बाईंनी स्कॅन पाहिल्या पाहिल्या हे पकडलं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडू का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "आत्ता कदाचित चालेलही, पण तिथल्या पालिकेत नोंदणीच्या वेळी मूळ दाखला बघतात. दुरुस्तच करून घ्या." हा सल्ला अगदी बरोबर होता.

फेब्रुवारीत पहिल्यांदा गावच्या नगरपालिकेत गेले. सकाळी साडेसहाची एसटी पकडली आणि अकरा वाजता जन्म-मृत्यू विभागाच्या खिडकीसमोर उभी राहिले. खिडकीतल्या कारकुनाने दाखला उलटसुलट बघितला आणि म्हणाला, "दवाखान्याचं पत्र आणा." दवाखाना बंद होऊन तीन वर्षं झालेली, त्या जागी आता टाईल्सचं दुकान आहे. हे सांगितल्यावर, "मग शंभराच्या स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र आणा." दुसऱ्या खेपेला प्रतिज्ञापत्र नेलं. ते त्याने वाचलं आणि म्हणाला, "हे नुसतं चालत नाही. राजपत्र लागेल."

नाव बदललं की सरकारच्या गॅझेटमध्ये प्रसिद्ध करतात, ते राजपत्र. मी म्हटलं, "दादा, मी नाव बदललेलंच नाही. न बदललेल्या नावाचं राजपत्र कसं काढू?" तो म्हणाला, "दाखल्यावर एक नाव, आधारवर एक नाव, म्हणजे बदललंच ना?" दाखल्यावरची नोंदच चुकीची आहे, माझं नाव पहिल्यापासून हेच आहे, शाळा सोडल्याचा दाखला बघा, लग्नाचा दाखला बघा, असं मी तीन वेगवेगळ्या तऱ्हेने सांगितलं. त्याने कागद खिडकीतून परत सरकवले आणि माझ्या मागच्या माणसाला हाक मारली.

तिसऱ्या खेपेला मुख्याधिकारी बैठकीला गेलेले. चौथ्या खेपेला तेच राजपत्र. तोपर्यंत मार्च संपत आला होता. १ एप्रिलला मला रुजू व्हायचं होतं. नवरा आणि धाकटा माझ्याबरोबर येऊ शकत होते, पण लेकीला एकटीला मागे ठेवून तिघांनी जायचं हे आम्हाला कुणालाच झेपणारं नव्हतं. मी एकटी गेले. सासूबाई पुण्याला आमच्या घरी राहायला आल्या.

नेदरलँड्समधल्या आम्स्टेलवेनला आमच्या इमारतीतच चार-पाच भारतीय कुटुंबं होती, त्यामुळे मला एकटेपणाचा तसा त्रास झाला नाही. त्रास झाला तो संध्याकाळचा. उन्हाळ्यात भारताची वेळ साडेतीन तास पुढे असते. मी सहाला घरी पोचायचे तेव्हा तिकडे साडेनऊ, मुलं झोपेला आलेली. लेक फोनवर शाळेतलं सांगायची. धाकटा आधी फोनला पापे द्यायचा, मग मे महिन्यात तो फोनकडे बघेनासा झाला. नवरा त्याचं तोंड माझ्याकडे वळवायचा आणि तो आजीच्या पदरात डोकं खुपसायचा.

इकडे खेपा अण्णांच्या वाट्याला आल्या. त्यांचं वय सत्तर. दर आठवड्याला फाईल घेऊन जायचे आणि संध्याकाळी फोन करून एकच वाक्य बोलायचे, "मीच लिहिलं गं ते नाव." मी कितीदा सांगितलं की तुमची चूक नाही, तेव्हा सगळे असंच लिहायचे. त्यांना ते पटायचं नाही.

एका रात्री झोप लागेना, तेव्हा मी १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम शोधून वाचायला घेतला. छोटासा कायदा आहे. त्यातलं कलम १५ वाचलं आणि उठून बसले. नोंदीत चूक असल्याची खात्री पटली, तर निबंधक, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद ठेवणारा अधिकारी, मूळ नोंदीत खाडाखोड न करता समासात दुरुस्ती लिहून, सही आणि तारखेनिशी ती नोंद दुरुस्त करू शकतो. राजपत्राचं त्यात नाव नाही. नियमांप्रमाणे लागतं ते काय, तर चूक कोणती आणि खरी हकिगत काय हे माहीत असलेल्या दोन विश्वासू व्यक्तींचं निवेदन, आणि पुरावे. म्हणजे आमचं प्रकरण नाव बदलण्याचं नव्हतंच, नोंद दुरुस्तीचं होतं. खिडकीवर तोंडी बोलण्यात चार महिने गेले आणि हा फरक कुणी कागदावर आणलाच नव्हता.

यातली माझी मोठी चूक हीच, की पहिल्या चार खेपांत मी एकही लेखी अर्ज दिला नाही. सरकारी कार्यालयात तोंडी विचारलेल्याला काहीच अस्तित्व नसतं. अर्ज लिहायचा, दोन प्रती न्यायच्या, एक आवक विभागात द्यायची आणि दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्यायचा. नाही म्हणायचं असेल तर कारणासह लेखी कळवावे, असं अर्जाच्या शेवटी लिहायचं. मी अर्ज टाईप करून अण्णांना पाठवला. विषय : "कलम १५ अन्वये जन्मनोंदीतील मातेच्या नावाची दुरुस्ती". सोबत माझा शाळा सोडल्याचा दाखला, विवाह नोंदणीचा दाखला, पासपोर्ट, आणि धाकट्याचा जन्मदाखला, ज्यावर त्याच वडिलांसमोर आईचं बरोबर नाव होतं. हा शेवटचा कागद सगळ्यात उपयोगी पडला, असं नंतर कळलं. पहिल्याच्या वेळी गोंधळ झाला असेल आणि दुसऱ्याचा दाखला बरोबर असेल, तर तो नक्की जोडा.

दोन साक्षीदारांत एक आमच्या माहेरच्या शेजारच्या काकू, बाळंतपणाच्या रात्री माझ्याबरोबर दवाखान्यात थांबलेल्या. दुसरं कोण, यावर आमचा विचार चालला होता. तेव्हा सासूबाई नवऱ्याला म्हणाल्या, "मी जाते. ते नाव मी ठेवलंय, मीच सांगणार ना ते कुठून आलं."

त्या सहा तास प्रवास करून माझ्या माहेरी गेल्या. आपण हौसेने ठेवलेलं नाव कुठल्याही सरकारी कागदावर नाही, सुनेचं खरं नाव माहेरचंच आहे, असं त्यांनी लिहून दिलं आणि सही केली. मी तिकडे फोनवर ते निवेदन वाचलं तेव्हा मला रडू आवरेना. तोवर मी त्या नावावर मनातून चिडलेली होते. तेव्हापासून घरात मला त्या नावाने हाक मारली तर मी ओ देते.

अर्ज आवकला पडल्यावर तो खिडकीपाशी न थांबता निबंधकांच्या टेबलावर गेला. त्यांनी अण्णांना आत बोलावलं, खुर्ची दिली, आणि लाल कापडी बांधणीचं २०१८ चं रजिस्टर मागवलं. अण्णा सांगत होते, पान उघडलं तर त्यांचंच अक्षर असलेला फॉर्म मागे टाचलेला. साहेबांनी समासात चार ओळी लिहिल्या, खाली सही आणि तारीख टाकली. सगळं मिळून वीस मिनिटं लागली. आठ दिवसांनी नवा दाखला हातात आला, मराठी-इंग्रजी दोन्हीत. फेब्रुवारीतल्या पहिल्या खेपेलाच त्या खिडकीतून एवढं सांगितलं गेलं असतं, की "बाई, कलम १५ खाली अर्ज द्या", तर माझी मुलं एप्रिलमध्ये माझ्याबरोबर विमानात बसली असती. मला राग आहे तो याचा. नियम कडक होता म्हणून नाही, नियम सोपा होता आणि तो सांगितला नाही म्हणून.

पुढचं भराभर झालं. आधी राज्य शासनाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल. मंत्रालय कागद थेट नागरिकांकडून घेत नाही, नेमलेल्या एजन्सीकडे द्यावे लागतात. अपॉस्टिलचा स्टिकर दाखल्याच्या मागच्या बाजूला चिकटवतात, म्हणून दाखला कधीही लॅमिनेट करू नका. आमच्या ओळखीच्या एकीने प्रेमाने लॅमिनेट करून ठेवला होता, तिला नवीन काढावा लागला. नवराबायकोचा विवाह दाखलाही याच वेळी अपॉस्टिल करून घ्या, वेगळी खेप वाचते. आणखी एक : बारशाआधी नोंद झालेली असेल तर दाखल्यावर बाळाच्या नावाचा रकाना रिकामा राहतो. पहिल्या वर्षात नाव घालायला शुल्क नसतं, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येतं. घरी जाऊन आत्ताच बघा.

ऑगस्टच्या मध्यावर तिघं आले. स्खिपोल विमानतळावर लेक धावत आली. धाकटा नवऱ्याच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत राहिला, आला नाही. मी घाई केली नाही. घरी आल्यावर रात्री झोपेत त्याने माझं बोट धरलं.

आल्यापासून पाच दिवसांत पालिकेत नोंदणी करायची असते, त्याची वेळ आधीच घेऊन ठेवा. तिथल्या बाईंनी लेकीचा दाखला उलटा केला, मागचा स्टिकर बघितला, पुढे आईचं नाव वाचलं, माझा पासपोर्ट बघितला आणि टाईप करायला लागल्या. दाखल्यात इंग्रजी असल्याने भाषांतर मागितलं नाही. नोंदणी झाली की नागरिक क्रमांक मिळतो. तो मिळाला की बँक, डॉक्टर, शाळा सगळं मोकळं होतं. आरोग्य विमा चार महिन्यांच्या आत घ्यावा लागतो, अठराखालच्या मुलांना हप्ता नाही. फॅमिली डॉक्टरकडे नाव मात्र पहिल्याच आठवड्यात घाला. कितीतरी दवाखाने नवीन पेशंट घेत नाहीत, आम्हाला तिसऱ्या ठिकाणी जागा मिळाली. लसीकरणाचं कार्ड हँडबॅगेत ठेवा. आमचं मोठ्या बॅगेत होतं आणि ती बॅग दोन दिवस उशिरा आली.

शाळेबद्दल एवढंच, की पाच वर्षं पूर्ण झाल्यावर तिथे शाळा सक्तीची आहे. सुट्टीशिवाय भारतात येता येत नाही, शाळा नोंद घेते आणि दंड होऊ शकतो. गणपतीला यायचं मनात असेल तर ते सोडा. आम्ही १९ सप्टेंबरला तिथेच मूर्ती बसवली. लेकीला तोवर डच शाळेत जेमतेम दोन आठवडे झाले होते, पण आरतीनंतर प्रसाद वाटताना ती शेजारच्या मुलीला डचमध्ये "घे" म्हणाली.

दाखल्याच्या मूळ प्रती निदान तीन काढून घ्या. आम्ही दोनच काढल्या. जुना, चुकीच्या नावाचा दाखला फाडून टाकावा असं मी अण्णांना म्हटलं होतं. त्यांनी तो फाडला नाही, सासूबाईंना दिला.