झोपलेला तरोटा

परवा दुपारी आर्णीच्या बाजारात एका बाईसमोर तरोट्याच्या रानभाजीचे वाटे दिसले. २० रुपयांना एक. मी थबकलोच. तरोटा, आणि विकत?

"घ्या नं भाऊ, कवळा हाये."

मी मान हलवली, पुढे गेलो आणि गरज नसताना समोरच्या दुकानात मिरच्यांचा भाव विचारत बसलो.

मृगाचं पाणी पडलं की शेताच्या धुऱ्यावर, उकिरड्याच्या कडेला, पांदणीत, जिथं तिथं तरोटाच. गुरं त्याला तोंड लावत नाहीत. पान चुरगळलं की येणारा तो उग्र वास मला मात्र आवडतो. घरात हे बोलत नाही.

आजी शेंडे तेवढेच खुडायला लावायची. फुलं यायच्या आतच खायचा, नंतर पान जून होतं. उकडून, पिळून, लसूण-मिरचीच्या फोडणीत भिजवलेली चण्याची डाळ, आणि सोबत ज्वारीची गरम भाकर. कोकणातली माणसं त्याला टाकळा म्हणतात. म्हणोत.

एकदा खेळण्याच्या नादात खुडायचं राहिलं. दिवे लागायच्या वेळी टोपली घेऊन धावलो, तर आजी ओसरीवरून ओरडली, "आता नोको तोडू रे, झोपला थो! उद्या खुडजो." खोटं वाटलं म्हणून कंदील घेऊन धुऱ्यावर गेलो. खरंच, सगळी पानं जोडीजोडीनं मिटलेली. हजारो झाडं, हात जोडून उभी. मी कंदील बारीक केला आणि पाय न वाजवता परत आलो.

बाकी तरोट्याची एवढी कदर होती असं नाही. दिवाळीनंतर त्याच्याच विळ्यासारख्या शेंगा झोडपून आम्ही पोट्टे बी विकायचो. भाजून त्याची कॉफी करतात म्हणे. आमच्या घरी कोरा चहा. त्या पैशांचे फुटाणे खाताना काही वाटलं नव्हतं, मग बाजारातल्या वाट्यापाशीच काय अडलं?

मिरच्या न घेताच उठलो आणि दोन वाटे घेतले. पैसे देताना बाईच्या बोटांकडे लक्ष गेलं, हिरवी-काळी झाली होती. पहाटेपासून खुडत असणार.

घरी भाजी कुणाला फारशी रुचली नाही. उरलेली मी दुसऱ्या दिवशी शिळ्या भाकरीसोबत खाल्ली. मीठ कमी होतं.