चाररेघी वही

आमच्या वस्तीतील बुद्धविहारात 14 एप्रिलला हार-फुलांऐवजी ‘एक वही, एक पेन’ आणण्याचे आवाहन आम्ही गेली काही वर्षे करीत आहोत. हा उपक्रम मूळचा आमचा नव्हे. चैत्यभूमीवर 6 डिसेंबरला आणि राज्यात ठिकठिकाणी जयंतीला तो होत असतो, आणि हारांवरचा खर्च मुलांच्या दप्तरात जावा हा त्यामागचा विचार बाबासाहेबांना मानणाऱ्या कोणालाही पटावा असाच आहे. पहिल्या वर्षी तीनशेहून अधिक वह्या जमल्या आणि आम्ही मनातून सुखावलो. जूनमध्ये वाटायला बसलो तेव्हा मात्र ध्यानात आले, की जवळपास साऱ्याच शंभर पानी आणि एकरेघी होत्या.

पहिली-दुसरीच्या मुलाला इंग्रजी अक्षरे गिरवायला चाररेघी वही लागते, मराठीला दुरेघी आणि गणिताला चौकटीची. नववी-दहावीच्या मुलांना दोनशे पानी वह्या हव्या असतात, शिवाय प्रयोगवही आणि आलेखवही. एका आईने हातातली वही उघडून पाहिली, पिशवीत ठेवली आणि संकोचत विचारले, “दादा, एखादी चाररेघी नाही का? बाई ही चालवून घेत नाहीत.” माझ्यापाशी उत्तर नव्हते.

खरे तर हे मला ठाऊक असायला हवे होते. आमच्या घरी मे महिन्यात जुन्या वह्यांतली कोरी पाने काढून आई ती दाभणाने शिवीत असे आणि वर जुन्या कॅलेंडरचे कव्हर घालीत असे. त्या वहीत मधेच चौकटी येत, मग पुन्हा रेघा. माझे शुद्धलेखन त्या सांध्यावर हमखास अडखळे.

“सरकार तर सगळे फुकट देते,” असे वर्गणी मागायला गेल्यावर हमखास ऐकायला मिळते. ते अर्धेच खरे आहे. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीपर्यंत पाठ्यपुस्तके मोफत मिळतात, गणवेशाचीही योजना आहे. वह्या मात्र पालकांनाच घ्याव्या लागतात. 2023-24 मध्ये पाठ्यपुस्तकांतच कोरी पाने घालण्याचा प्रयोग झाला आणि 2025-26 पासून तो बंदही झाला. नववीत तर पुस्तकेही विकत घ्यावी लागतात, कारण शिक्षण हक्क कायद्याचे छत्र 6 ते 14 वयापुरते आणि आठवीपर्यंतच आहे. म्हणजे ज्या वयात मुलगा कामाला लावावा की शाळेत ठेवावा याचा घरोघरी हिशेब होतो, नेमक्या त्याच वर्षी खर्च वाढतो. देणगीदारांना मात्र पहिलीतले गोंडस मूल अधिक भावते, असा माझा अनुभव आहे.

आता आम्ही 1 मेच्या निकालापूर्वीच शिक्षकांना भेटून इयत्तेनुसार यादी घेतो. ज्यांना वही आणायची ते आणतात. बाकीच्यांकडून पैसे घेऊन, पावती देऊन, घाऊक दुकानातून डझनाच्या भावाने हव्या त्या वह्या उचलतो. पेनांचा आग्रह सोडला आहे, कारण जूनपर्यंत ठेवलेली बरीचशी पेने उमटत नाहीत आणि लहान वर्गांना तर पेन्सिलच लागते. नववीची जुनी पुस्तके दहावीत गेलेल्या मुलांकडून मागून घेतो. मुलांना रांगेत उभे करून फोटो काढणे बंद केले, त्यावरून आमच्यात बराच वादही झाला. मागे एका पुढाऱ्याने स्वतःची छबी छापलेल्या वह्या पाठवल्या होत्या. त्या आम्ही नाकारल्या नाहीत, खाकी कव्हर घातल्यावर छबी दिसत नाही.

एकरेघी वह्यांचे दोन गठ्ठे अजूनही विहाराच्या कपाटात आहेत. वरच्या वर्गांना त्या चालतात, तेव्हा पावसाळ्यापूर्वी एखाद्या आश्रमशाळेत पोचवायचे ठरले आहे. टेम्पोचे भाडे तेवढे जमायचे आहे.