जुन्या गाडीची ब्रेक डिस्क: दुकानात जाण्याआधी घ्यायची मापं

चोर्ला घाट उतरताना पेडल पायाखाली थरथरू लागलं की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ऐकू येतं, ‘डिस्क वाकली.’ बिडाची डिस्क अशी सहसा वाकत नाही. ती कुठे जास्त, कुठे कमी झिजते. जाड-पातळ भाग आळीपाळीने ब्रेक पॅडमधून गेला की पेडल उसळतं. याचं मूळ बहुतेक वेळा हबवरच्या, म्हणजे डिस्क ज्यावर बसते त्या चाकाच्या मधल्या भागावरच्या गंजात असतं; त्याने डिस्क किंचित तिरकी बसते. तो तसाच ठेवून नवी डिस्क चढवली तर काही हजार किलोमीटरवर थरथर परत येते.

पण आधी डिस्क बरोबर मिळायला हवी, आणि पंधरा-वीस वर्षांच्या गाडीला तीच अडचण. एकाच मॉडेलमध्ये पेट्रोल आणि डिझेलला, एबीएस असलेल्या आणि नसलेल्या गाडीला डिस्क वेगळी असू शकते. म्हणून नुसतं मॉडेल आणि साल सांगून भागत नाही. आरसीवरच्या चॅसी नंबरवरून पार्ट नंबर काढून घ्या, आणि तरीही चाक उतरवून जुनी डिस्क मोजा. सेकंडहँड गाडीत तर मोजणं टाळूच नका. आधीच कुणीतरी दुसऱ्या व्हेरिएंटचा हब आणि कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) बसवलेला असू शकतो.

बाहेरचा व्यास, जाडी, मधल्या भोकाचा व्यास, बोल्टची भोकं किती आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास, एवढं सगळे बघतात. राहते ती उंची. डिस्क फरशीवर टोपीसारखी पालथी ठेवा आणि फरशीपासून माथ्यापर्यंत मोजा. बाकी सगळं जुळलं आणि ही उंची दोन-तीन मिलिमीटरनी चुकली, तर डिस्क कॅलिपरच्या मध्यावर येत नाही, पॅड एका बाजूला सतत घासतो. मधलं भोक मोठं असेल तर डिस्क हबवर नीट मध्यात बसत नाही. तशी डिस्क घेऊच नका.

जाडी व्हर्नियरने घेऊ नका. पॅड जिथे पोचत नाही तिथे काठावर न झिजलेली कड उभी राहते; व्हर्नियरचे जबडे तिच्यावरच टेकतात आणि झिजलेली डिस्कही चांगली दिसते. मायक्रोमीटरने, काठापासून 10 ते 15 मिमी आत, गोल फिरत आठ ठिकाणी मोजा. आठ मापांत 0.02 मिमीहून जास्त फरक आला तर थरथर तिथूनच येते आहे. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. नवी 22 मिमीची व्हेंटेड (मध्ये हवेची फट असलेली) डिस्क असेल तर साधारण 20. बेळगावच्या उद्यमबागेत लेथ हाताशी आहे म्हणून घासून घेता येते खरी, पण दोन्ही बाजूंनी 0.3 घेतलं की 0.6 मिमी गेलं. घासल्यावर उरणारी जाडी किमान जाडीच्या जवळ येत असेल तर तो खर्च वाया.

नव्या डिस्कचं ओतकाम बघून घ्या. फाउंड्रीत काम केलेलं कुणी ओळखीत असेल तर त्यालाच दाखवा. व्हेंटेड डिस्कच्या काठाकडे बघितलं की मधल्या हवेच्या फटीच्या दोन्ही अंगांना बिडाची एकेक पट्टी दिसते. दोन्ही पट्ट्या सारख्या जाड हव्यात, आणि पूर्ण फेरीभर. ओतताना फटीसाठी ठेवलेला कोअर सरकलेला असेल तर एक पट्टी पातळ असते. घाटात ती आधी तापते आणि डिस्कचा आकार बिघडतो. अशी डिस्क दुकानातच परत करा. भोकं पाडलेल्या देखण्या डिस्कच्या नादी लागू नका, भोकांच्या काठांपासून तडे जातात. टोपीला (मधल्या उंच भागाला) आणि काठाला गंजरोधक कोटिंग असलेली मिळाली तर मात्र चार पैसे जास्त द्या, जांबोटी-कणकुंबीच्या पावसात ते वसूल होतात.

जुनी डिस्क हबला चिकटलेली असेल तर हातोडा मारण्याआधी टोपीवर दोन आटे पाडलेली भोकं आहेत का बघा. बऱ्याच गाड्यांत तिथे एम8 चे बोल्ट आलटून पालटून पिळले की डिस्क सुटून येते.

मग हब. वायर ब्रशने आणि पॉलिश पेपरने सगळा गंज काढून चकचकीत करा, विशेषतः स्टडच्या मुळाशी. तिथे राहिलेला 0.05 मिमीचा खपला डिस्कच्या काठावर जवळजवळ दुप्पट होतो. डिस्क नटांनी आवळून डायल गेज लावा आणि डिस्क फिरवा, तिचा डोल 0.05 मिमीच्या आत असेल तर उत्तम, जास्त असेल तर डिस्क एक भोक पुढे फिरवून परत बघा. कॅलिपरच्या पिना हाताने सरकायला हव्यात; अडकलेली पिन नवी डिस्कही एकाच बाजूने खाते. डिस्क पुढच्या किंवा मागच्या दोन्ही चाकांच्या एकदम बदला, पॅड नवेच घाला, आणि डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने पुसा, डिझेलने नाही. चाकाचे नट गन लावून नका आवळू. तिरक्या क्रमाने, टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यावर आवळा.

शेवटी मोकळ्या सरळ रस्त्यावर 60 वरून 20 पर्यंत मध्यम दाबाने दहा-बारा वेळा वेग कमी करा, प्रत्येक वेळी अर्धा मिनिट गाडी चालती ठेवून. मध्ये कुठेही गरम ब्रेक दाबून उभे राहू नका, पॅडचा ठसा एकाच जागी उमटतो. पुढचे 200 ते 300 किलोमीटर आंबोली किंवा चोर्ला घाटाचा उतार टाळा.