वडिलांनी केलेल्या दुरुस्त्या

वडील गेल्यानंतर त्यांची पिकअप सहा वर्षे एकाच जागी उभी होती. ती विकावी की भंगारात द्यावी ही चर्चा घरात दर वर्षी एकदा निघे आणि काहीही न ठरता संपे. अखेर मी ती दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणायचे ठरवले, तेव्हा हे काम मुख्यतः गंजाशी झगडण्याचे असेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात गंजापेक्षाही अधिक वेळ गेला तो वडिलांनी वेळोवेळी केलेल्या दुरुस्त्या समजून घेण्यात आणि त्यांतल्या कोणत्या ठेवायच्या व कोणत्या काढून टाकायच्या हे ठरवण्यात. वडील पेशाने मिस्त्री नव्हते, पण गाडी दुसऱ्याच्या हाती देणे त्यांना कमीपणाचे वाटे. पाना, पक्कड आणि थोडी तार जवळ असली की कोणतीही गाडी घरी पोहोचते, असे ते म्हणत. त्यांची गाडी नेहमीच घरी पोहोचली, हेही खरे आहे.

सुटे भाग आणण्यापूर्वी मी गाडी आईच्या नावावर करून घेतली. वारसांपैकी एकाने पैसे घालायचे आणि कागदावर मालक मात्र हयात नसलेला माणूस असायचा, या स्थितीत काम सुरू करू नये असे मला आजही वाटते. त्यानंतर पहिले पंधरा दिवस मी एकही नट सैल केला नाही. गाडीखाली आडवे पडून हातोडीने चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, ठोकत राहिलो. चांगल्या पोलादावर हातोडीचा आवाज खणखणीत येतो, आतून कुजलेल्या जागी तो बद्द येतो. मागच्या पाट्यांचा, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगचा, शॅकल हा झुलता जोड जिथे चासीला अडकतो, तिथे दोन्ही बाजूंनी आवाज बद्द आला आणि डाव्या बाजूला स्क्रूड्रायव्हर जरा दाबताच आरपार गेला. त्या जागेवर वडिलांनी डांबराचा जाड थर दिलेला होता. गंज पूर्ण काढल्याशिवाय वरून असा थर दिला की आत शिरलेले पाणी बाहेर पडू शकत नाही, लोखंड झाकणाखाली निवांत सडत राहते आणि वरून सगळे काळेभोर व सुरक्षित दिसते. त्यातच गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापत असल्यामुळे जोडावरचे दोन पत्रे एकमेकांपासून फुगून दूर सरकले होते.

हे काम मी वेल्डिंग करणाऱ्या अनुभवी माणसाकडून करून घेतले. त्याने गंजलेला भाग चकचकीत धातू लागेपर्यंत कापून काढला आणि मूळ चासीइतक्याच जाडीची पट्टी कडेने पूर्ण वेल्ड करून बसवली. नुसते वरून ठिगळ लावून चालले नसते, कारण पाट्यांचा सगळा भार याच जागेवर येतो. वेल्डिंगआधी बॅटरी काढली आणि डिझेलची टाकी तर पूर्णपणे उतरवून लांब नेऊन ठेवली. रिकामी टाकी सुरक्षित असते असा अनेकांचा समज असतो, पण रिकाम्या टाकीत उरलेली वाफ भरलेल्या टाकीतल्या इंधनापेक्षा जास्त घातक असते. टाकी उतरवल्यामुळे तिच्या तळाशी साचलेले पाणी आणि काळा बुळबुळीत गाळही सापडला. डिझेल आणि पाणी जिथे एकमेकांना टेकतात तिथे सूक्ष्मजीव वाढतात आणि त्यांचाच हा गाळ होतो. तो फिल्टरपर्यंत पोहोचला असता तर पुढचे कित्येक दिवस मी पंपाला दोष देत बसलो असतो.

इंजिन चार सिलिंडरचे, हीटर प्लग असलेले जुन्या पद्धतीचे डिझेल आहे, आणि ते जाम झालेले होते. अशा वेळी नवी बॅटरी लावून सेल्फ मारून पाहण्याचा मोह होतो, तो आवरावा. मी इंधन फवारणारे चारही नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये ऑटोमॅटिक गिअरचे तेल आणि ॲसिटोन यांचे निम्मे-निम्मे मिश्रण ओतले आणि पाच दिवस तसेच ठेवले. रोज संध्याकाळी क्रँकच्या पुलीच्या नटाला पाना लावून, पान्यावर लांब पाइप चढवून, थोडे पुढे आणि थोडे मागे असा जोर देत होतो. एकाच दिशेने सगळी ताकद लावली तर पिस्टनच्या रिंगा तुटण्याची भीती असते. सहाव्या दिवशी पाना बोटभर सरकला, आणि त्या संध्याकाळी मी अंगणभर उगाचच फिरत होतो. इंजिन मोकळे झाल्यावरही नोझल लगेच बसवले नाहीत, कारण सिलिंडरमध्ये उरलेले द्रव दाबले जात नाही. ते आत असताना सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. नोझलची भोके उघडी ठेवून इंजिन हाताने अनेक वेळा फिरवले आणि सगळे मिश्रण बाहेर येऊ दिले.

कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजले तेव्हा तीन सिलिंडरमध्ये सुमारे २७ बार दाब मिळाला आणि तिसऱ्या क्रमांकाच्या सिलिंडरमध्ये मात्र १८. आकडा थोडा कमी असला तरी चालतो, पण चार सिलिंडरमध्ये एवढा फरक असला की हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, उघडावेच लागते. हेड उघडल्यावर कारण डोळ्यांना दिसले. गाडी शेवटची बंद झाली तेव्हा तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघड्या स्थितीत राहिला होता, सायलेन्सरच्या वाटेने सहा वर्षे दमट हवा आत येत राहिली आणि व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या सीटवर गंजाचे खड्डे पडले. ग्राइंडिंग पेस्ट लावून व्हॉल्व्ह हाताने घासला, राखाडी रंगाची अखंड कडी उमटेपर्यंत. हेड वाकले आहे का हे सरळ पट्टी आणि फिलर गेजने तपासले, तर ०.०५ मिलिमीटरची पातीसुद्धा कुठे शिरली नाही. नवे गास्केट घालून हेडचे बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने तीन टप्प्यांत आवळले. डिझेलच्या लाइनमधली हवा काढून सेल्फ मारला तेव्हा इंजिनाने चार-पाच वेळा खोकून पांढरा धूर सोडला आणि मग ते धरून चालू लागले. ज्या आवाजाने आम्ही लहानपणी दारात धावत येत असू तो हाच होता, पण त्या क्षणी माझे सगळे लक्ष ऑइल प्रेशरच्या काट्याकडे होते.

गिअरबॉक्स खाली उतरवला तो क्लचसाठी. मदतीला आलेल्या मिस्त्रींनी रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे बेअरिंग, हातात घेऊन फिरवले, पेडलच्या रबराकडे एकदा पाहिले आणि म्हणाले, "तुमचे वडील क्लचवर पाय ठेवूनच गाडी चालवत असणार." मला हसू आवरेना. मी गाडी शिकत असताना दर अर्ध्या मिनिटाला "क्लचवरचा पाय काढ" असे ओरडणारा माणूस तो हाच. पेडलचे रबर एका बाजूने पार गुळगुळीत झाले होते आणि बेअरिंग वाळूने भरल्यासारखे खरखरत होते. पाय नुसता टेकलेला असला तरी बेअरिंग सतत दाबाखाली फिरत राहते आणि प्लेटही किंचित घसरते. बेअरिंग आणि प्लेट दोन्ही बदलली. रबर मात्र मी काढून ठेवून दिले आहे. ते का ठेवले, याचे उत्तर मी अजून कोणाला दिलेले नाही.

त्याच वेळी गिअरच्या दांड्याखालच्या जोडात एक पितळी बुश, म्हणजे पिन ज्यात बसते ती छोटी नळी, दिसला. मूळचा भाग प्लास्टिकचा असतो आणि तो झिजला की गिअर सापडेनासा होतो. वडिलांनी पितळेच्या तुकड्यातून कानशीने घासून तो बनवला होता. बाहेरून तो ओबडधोबड होता, पण आतले भोक इतके नेमके की पिन त्यात घट्टही नव्हती आणि हलतही नव्हती. नवा प्लास्टिकचा बुश माझ्याकडे तयार होता, पण पितळी बुश धुऊन, ग्रीस लावून मी पुन्हा होता तिथेच बसवला.

ब्रेकचे काम मी सर्वांत सोपे समजून शेवटी ठेवले होते. मागची चाके काढल्यावर उजव्या बाजूचे लायनर, म्हणजे ड्रमवर घासून चाक थांबवणारे अस्तर, रिव्हेटपर्यंत घासलेले दिसले, तर डाव्या बाजूचे जवळजवळ नव्यासारखे जाड होते. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रममधली धूळ हवेच्या झोताने उडवू नये. ती ओली करून पुसत असताना माझी नजर डाव्या ब्रेक पाइपकडे गेली. तो पाइप मध्येच कापलेला होता, त्याचे टोक दुमडून हातोडीने ठोकून चपटे केले होते आणि वरून तारेचे तीन वेढे घट्ट आवळले होते. म्हणजे डाव्या मागच्या चाकाला ब्रेकच नव्हता.

त्यांनी असे का केले असेल हे समजायला वेळ लागला नाही. या गाडीची ब्रेकची रचना एकाच सर्किटची आहे आणि एका चाकाचा व्हील सिलिंडर, म्हणजे ऑइलच्या दाबाने ब्रेक लावणारा भाग, गळू लागला तर चारही चाकांचे ब्रेक जातात. वाटेत कुठेतरी सिलिंडर गळला असेल, तेव्हा त्या चाकाचा पाइप बंद करून उरलेली तीन चाके वाचवणे ही त्या क्षणाची शहाणपणाचीच दुरुस्ती होती. पण ती घरी पोहोचण्यापुरती होती, आणि लायनरच्या जाडीतला फरक सांगत होता की ती कित्येक वर्षे तशीच राहिली. त्या वर्षांत आम्ही भावंडे मागच्या हौद्यात बसून त्यांच्याबरोबर फिरलो होतो.

मग आणखी एक गोष्ट आठवली. मला गाडी शिकवताना ते सांगत, "हिला ब्रेक लावताना स्टिअरिंग किंचित डावीकडे धरायचे, ही गाडीची खोड आहे." मी ते एखाद्या गुपितासारखे शिकलो होतो आणि ते मला त्यांचे कसब वाटत आले होते. खोड गाडीची नव्हतीच. डावे मागचे चाक थांबत नसल्यामुळे ब्रेक लागताच गाडी उजवीकडे ओढत होती. त्या दिवशी मी हत्यारे तिथेच टाकून घरात गेलो. गेलेल्या माणसावर रागावणे अवघड असते, पण मी दोन दिवस रागावलो होतो. आईला मी हे सांगितले नाही.

पुढे ब्रेकमधले काहीही जुने ठेवायचे नाही असे ठरवले. चारही व्हील सिलिंडर, पेडलचा दाब ऑइलला देणारा मास्टर सिलिंडर, रबरी होज आणि लायनर नवे घातले. पाइपही सगळे बदलले आणि ते तांबे-निकेलच्या मिश्रधातूचे घेतले, कारण ते पोलादी पाइपासारखे गंजत नाहीत. जुने ब्रेक ऑइल चहाच्या रंगाचे झाले होते. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ३ प्रकाराच्या ताज्या ऑइलसाठी तो किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, तर ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १४० अंशांची आहे. उतारावर ब्रेक तापले आणि ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल सरळ तळाला जाते. ब्रेकच्या पाइपांतली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात केली आणि योगायोगाने ते चाक डावे मागचेच होते. तिथून ऑइल येताना दिसेपर्यंत मला धीर नव्हता.

वायरिंगबद्दल फार सांगण्यासारखे नाही. दिवे मंद होते त्याचे कारण इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टी गंजलेली होती. टायर वरून चांगले दिसत होते, पण बाजूवरच्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात, आणि ते वाचल्यावर पाचही टायर बाद केले. रंगाच्या बाबतीत घरातल्या सर्वांचे मत नवा रंग द्यावा असे होते. मी फक्त उघडा पडलेला पत्रा घासून, प्रायमर देऊन झाकला. हौद्याच्या फाळक्यावर दोर घासून पडलेल्या खाचा आणि उडालेला रंग तसाच ठेवला, त्यावर नुसते मेण लावले. हे काटकसरीमुळे झाले की भावनेमुळे, हे मला नीट सांगता येणार नाही.

पहिल्या फेरीला मी आईला घेऊन निघालो. रस्ता रिकामा होता, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये नीट चालली होती आणि पितळी बुशामुळे गिअर हाताला बिनचूक लागत होता. वळणाच्या अलीकडे मी ब्रेक दाबला. चारही चाकांनी एकदम धरले, माझ्या हातांनी सवयीने स्टिअरिंग किंचित डावीकडे ओढले, आणि गाडी खरोखरच डावीकडे रस्त्याच्या कडेला गेली. मी ती सावरून पुन्हा रस्त्यावर आणली. आईने दाराची मूठ धरत विचारले, "ब्रेक दुरुस्त केलेस ना नीट?"

"केले," मी म्हणालो, आणि स्टिअरिंग सरळ धरून पुन्हा एकदा ब्रेक दाबून पाहिला.